उजव्या हाताचे टक्के

मेडिकल बोर्डाने लिहून दिलं आहे:
उजवा हात, चार बोटं, पन्नास टक्के.
अंगठा शाबूत.
साकीनाक्याच्या गाळ्यात प्रेस खाली आला
तेव्हा तो झाकणं पाडत होता, लोणच्याच्या बरण्यांची.
अजून दुकानात बरणी हातात घेतली
की मी आधी झाकणाची कड बघते.

सात महिने मी त्याच्या शर्टाची बटणं लावली.
भात कालवून दिला. नाडी बांधली.
डावा हात शिकत होता पहिलीतल्या पोरासारखा,
आणि स्वरांगी तेव्हा खरंच पहिलीत होती.
दोघं एकाच दुरेघी वहीत अ गिरवायची,
वरच्या ओळीत ती, खालच्या ओळीत तो.
हे मी कोर्टात सांगितलं नाही.
कुणी विचारलं नाही.

मग पेन्शन सुरू झाली.
मग तो नालासोपाऱ्याला भावाकडे गेला, चार दिवसांसाठी.
पासबुक घेऊन गेला.
त्या चार दिवसांना येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील.

वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात
त्याच्या वकीलबाई म्हणाल्या,
ही अपंगत्वाची रक्कम, हिच्यावर जप्ती येत नाही.
माझ्या अशिलाला काम नाही.
आणि नंदकुमारने हात वर केले.
म्हणजे खरंच वर केले, दोन्ही.
अख्खं कोर्ट बघत राहिलं.
मी तेवढी खाली बघत होते.
मला पाठ आहे तो हात.

चाळीतल्या हर्णेकाकू म्हणतात,
मोड की बोटं त्याच्या नावानं.
नाही मोडवत, काकू.
शेठने ती माझ्याच हातात दिली होती,
कुल्फीवाल्याकडच्या बर्फात, दुधाच्या पिशवीत.
राजावाडीपर्यंत मी पिशवी मांडीवर धरली.
डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

वर्षातून एकदा त्याला दाखला द्यावा लागतो
की तो हयात आहे.
मला दर तारखेला द्यावा लागतो
की पोर जेवते.
दुधाचं बिल, चष्म्याचा नंबर,
शाळेच्या फीची पावती, तीही झेरॉक्स,
खाली माझी सही: खरी प्रत.
पोटगी म्हणतात.
पोट त्यात पहिल्या आठवड्यापुरतं बसतं.

जजबाई म्हणाल्या, खात्यावर जप्ती नाही, कबूल.
पण हातात आलेल्या पैशातून
पोरीला घास द्यायला कायदा कुणाचा हात धरत नाही.
"हातात" म्हणाल्या आणि जरा थांबल्या.
पाण्याचा ग्लास सरकवला.
मग: दोन हजार दोनशे. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

त्या रात्री मी हिशोब केला, करू नये तो.
एका बोटाला साडेपाचशे.
तर्जनीत शिकवणी.
मधल्या बोटात रिक्षा, तीही एकीकडचीच.
तिसऱ्यात माझ्या बापाने घातलेली अंगठी होती,
ती गाळ्यात कुणालाच सापडली नाही,
त्या बोटाचे मी वेगळे ठेवणार होते.
ठेवले नाहीत. गॅस संपला.

या महिन्यात तो स्वतः आला, भांडुपला, शाळेच्या फाटकाशी.
नोटा डाव्या हाताने काढल्या,
उजव्याच्या अंगठ्याखाली दाबल्या,
दोनदा मोजल्या, दोनदा चुकला.
स्वरांगीने घेतल्या त्याच्याकडून.
बोटाला थुंकी लावून मोठ्याने मोजल्या,
बँकेतल्या बाईसारख्या,
आणि म्हणाली, बरोबर आहेत.
पावती पाहिजे, तो म्हणाला, वकीलबाईंनी सांगितलंय.
मी तिच्या वहीचं शेवटचं पान फाडलं.
लिहिलं: रोख मिळाले.

रस्ता ओलांडून द्यायला ती गेली त्याच्याबरोबर.
त्याचा अंगठा धरून गेली.
रोजचं असल्यासारखी.

परत आली, दप्तर खांद्यावर घेतलं, म्हणाली,
पप्पा विचारतायत,
पुढच्या वेळी पंधरा तारीख चालेल का?

मी म्हटलं, दहा.